भाड्याचे घोडे आणि गिअरचा दांडा

मिशिगनमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मध्यंतरी एक प्रश्न विचारला. त्याला तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने, तिकडच्या बोलीत 'लीज'वर, फोर्ड मस्टँग घ्यायची होती. पाच लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन. प्रश्न एवढाच की, हाताने गिअर बदलायची घ्यावी की ऑटोमॅटिक?

वाङ्मय शिकवणाऱ्या माणसाला हे विचारण्याचे कारण बहुधा असे की, मी त्याच्या वडिलांना ओळखत होतो. कुटुंब भाईंदरला राहत असे आणि वडील मुंबईत काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी चालवत. टॅक्सी त्यांची नव्हती. पाळीचे भाडे मालकाला मोजून उरेल ते घरी, हा हिशेब. मुलगा आज स्वतः भाड्याने गाडी घेतो आहे आणि तीत त्याला निवड करता येते. वडिलांना ती कधीच करता आली नव्हती. हा फरक मनात आला आणि प्रश्न दिसतो तितका साधा नाही असे वाटू लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्याला पाठवलेल्या उत्तराचा विस्तार आहे.

प्रथम घोड्यांविषयी. मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर घोडबंदरचा किल्ला आहे. पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३७ साली मराठ्यांच्या ताब्यात आला. या बंदरावर अरबी घोड्यांचा व्यापार चाले म्हणून गावाला हे नाव पडले, असे सांगितले जाते. इंजिनाची ताकद आपण आजही अश्वशक्तीत मोजतो, तेव्हा बलदंड मोटारींच्या चर्चेला या गावाहून योग्य प्रारंभस्थान सापडणे कठीण. 'मस्टँग' या शब्दाचे मूळही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या माळरानांवर मोकाट फिरणाऱ्या घोड्यांना हे नाव मिळाले ते 'मेस्तेन्यो' या स्पॅनिश शब्दावरून, आणि त्याचा अर्थ 'भटके, बेवारस जनावर'. मालक नसलेल्या घोड्याचे नाव मिरवणारी गाडी भाडेपट्ट्याने घेणे, म्हणजे जी कधीच आपली होणार नाही अशा वस्तूवर तीन वर्षे स्वार होणे.

भाडेपट्ट्याचा इतिहासही याच भूमीत चांगला वाचता येतो. १८७० साली ब्रिटिश सरकारने घोडबंदर, भाईंदर आणि मिरे या गावांतील जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. पुढे हे हक्क इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे गेले. मिठागरे आणि भातखाचरे यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, १९८५ मध्ये नगरपरिषद आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. तरी बांधकामाला कंपनीची ना-हरकत लागते की नाही, हा वाद विसाव्या शतकातून एकविसाव्यात येऊन पोहोचला. आपल्या घराखालची जमीन नेमकी कोणाची, हा प्रश्न येथील रहिवाशाला पुस्तकात वाचावा लागत नाही. पट्टा म्हणजे ताबा एकाचा आणि अंतिम शब्द दुसऱ्याचा. नऊशे नव्याण्णव वर्षांचा असो वा छत्तीस महिन्यांचा, त्याचे हे मूळ रूप बदलत नाही.

आता गिअरविषयी. इंजिन ठरावीक वेगाने फिरत असतानाच आपले पुरते बळ देते. चाकाला मात्र शून्यापासून शंभरापर्यंत सर्व वेग हवे असतात. या दोहोंमधला दुभाषा म्हणजे गिअर. एका भाषेतले वाक्य संपवून दुसरे सुरू करण्यापूर्वी जो श्वास घ्यावा लागतो, तो म्हणजे क्लच: इंजिन आणि चाक यांचा संबंध क्षणभर तोडणारा. आरंभीच्या मोटारींत हे काम अवघड होते. क्लच दोनदा दाबून, कानाने इंजिनाचा स्वर ओळखून दाते जुळवावे लागत. चुकल्यास ते एकमेकांवर खरडत. १९२८ साली कॅडिलॅकने दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश योजना आणली आणि ही परीक्षा सोपी झाली. पुढे जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये 'हायड्रामॅटिक' दिली. क्लचचे पायदान गेले आणि चालकाचा डावा पाय कायमचा मोकळा झाला.

मग १९६४ साली पाँटिअॅक जीटीओसारख्या गाड्या हाताच्या गिअरसाठी का प्रसिद्ध झाल्या? मध्यम आकाराच्या गाडीत भले मोठे इंजिन बसवायचे आणि तरुणाच्या खिशाला परवडेल अशा किमतीत ती विकायची, ही मसल कारची कल्पना. जीटीओचे इंजिन सुमारे ६.४ लिटरचे होते. तिला तीन गिअर मुळातच मिळत, जास्त पैसे दिल्यास चार. ऑटोमॅटिकही मिळे, पण दोनच गिअरची. त्या काळच्या ऑटोमॅटिकमध्ये बळाचा काही अंश तेलाच्या घुसळणीत वाया जाई. सारांश, १९६४ मध्ये हाताचा गिअर निवडणे ही हौस तर होतीच, पण तो शहाणपणाचा हिशेबही होता. आज तो हिशेब उलटला आहे. मस्टँगची दहा गिअरची ऑटोमॅटिक कोणत्याही माणसाच्या हातापेक्षा जलद गिअर बदलते. वेगाच्या कसोटीवर हाताचा गिअर हरला आहे. तरीही तो उरला, जसे मुक्तछंद आल्यावरही वृत्त उरले. त्याची गरज संपली आणि तो निवडीचा विषय झाला.

निवडीचा विषय, पण कोणाच्या? येथे मुंबईकडे वळावे लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. टॅक्सीच्या पद्मिनीत गिअरचा दांडा जमिनीवर नसे, स्टीअरिंगलगत डाव्या हाताला असे. त्यामुळे पुढच्या सलग आसनावर एक उतारू जास्त बसे. भारतात त्या काळी ऑटोमॅटिक गाडी ही दुर्मीळ चैन होती. उन्हाळ्यात, भरल्या वाहतुकीत, दिवसभर अर्धा क्लच दाबून गाडी रांगवणारा पाय हा मुंबईच्या अर्थव्यवस्थेचा एक न मोजलेला भाग होता. गाडी कोणती, गिअर कसले, हे मालक, परमिट आणि बाजार ठरवीत. चालकाच्या हाती दांडा असे, निर्णय नसे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, रस्त्यावरून गेली. लोकांनी हळहळून लेख लिहिले. त्या डाव्या पायाविषयी फारसे कोणी लिहिल्याचे स्मरत नाही.

हाताच्या गिअरचे गोडवे गाताना ही बाजू विसरता कामा नये. यंत्राने गिअर स्वतःकडे घेतला तेव्हा अनेकांची सुटका झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या कायनेटिक होंडाने बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी स्कूटर दिली. किक मारण्याचा आणि मुठीने गिअर पाडण्याचा खटाटोप गेला आणि महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय स्त्रियांच्या एका पिढीला स्वतःचे वाहन मिळाले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १० मध्ये 'गिअर नसलेली मोटारसायकल' आणि 'गिअर असलेली मोटारसायकल' असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. म्हणजे दुचाकीच्या बाबतीत कायद्याने हा भेद ओळखला. चारचाकीच्या आणि बसच्या बाबतीत मात्र ओळखला नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला हाताच्या गिअरची गाडी चालवता येत नाही. आपल्या त्या कलमात मोटारींसाठी असे वर्ग नाहीत.

हा भेद केवळ कागदाचा नाही. २०१९ पासून बेस्टने मोठ्या प्रमाणावर भाडेतत्त्वावर बसगाड्या घेतल्या. बस कंत्राटदाराची, चालकही त्याचाच, आणि बेस्ट किलोमीटरमागे पैसे देणार. पुढे या ताफ्यात विजेच्या, क्लच नसलेल्या बसगाड्या आल्या. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला अशीच एक बारा मीटर लांबीची विजेवरची बस गर्दीत घुसली. मृतांची संख्या पुढे नऊवर गेली. चालकाला आधी क्लचच्या गाड्यांची सवय होती आणि नव्या बसचे प्रशिक्षण अपुरे होते, अशी चर्चा वृत्तपत्रांतून झाली. दोष कोणाचा, हे न्यायालयाने ठरवायचे. आपल्याला यंत्राचे एक साधे सत्य तेवढे लक्षात घेता येते. क्लचच्या गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय दाबतो, इंजिन चाकापासून सुटते. दोन पायदानांच्या गाडीत सारी भिस्त एकट्या उजव्या पायावर असते आणि विजेच्या मोटारीचे बळ पायाखाली तत्काळ येते. एका यंत्रावर घडलेले शरीर दुसऱ्या यंत्रावर नेताना त्याला नवी सवय जडू द्यावी लागते, आणि सवय काही दिवसांत लागत नाही. कंत्राटात किलोमीटर मोजले जातात. हा काळ कोण मोजणार?

याच कुर्ल्यात पद्मिनी घडत होती, हा योगायोग नोंदवून ठेवतो. त्याला जास्त अर्थ चिकटवू नये.

निवडीच्या या इतिहासाला श्रीमंतांच्या बाजूनेही एक टोक आहे. २०१६ साली फोर्डने मस्टँग भारतात अधिकृतपणे विकायला आणली. किंमत साठ लाखांवर, ताकद चारशेच्या घरात, म्हणजे दहा पद्मिनींची. ती मिळत होती फक्त ऑटोमॅटिक. अमेरिकेत हाताचा गिअर मिळे. येथे कितीही पैसे मोजले तरी नाही. २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. ज्या देशात लाखो चालकांना ऑटोमॅटिक परवडत नव्हती म्हणून क्लच दाबावा लागला, त्याच देशात मूठभर हौशी लोकांना क्लच हवा असूनही मिळाला नाही. दोघांच्या वतीने निर्णय दुसऱ्याच कोणी घेतला होता. फरक इतकाच की, एकाचा गुडघा दुखला आणि दुसऱ्याची हौस राहिली. हे दोन तोटे एका मापाने मोजता येणार नाहीत.

आता विद्यार्थ्याचे उत्तर. लीजचा हिशेब रोकडा असतो. गाडीची आजची किंमत आणि तीन वर्षांनंतरची अपेक्षित किंमत यांतील घट, अधिक व्याज, हे महिन्यांत वाटून भाडे ठरते. वर्षाला दहा-बारा हजार मैलांची मर्यादा असते. झीज जास्त झाली तर परत करताना भरपाई मागतात, आणि क्लचची तबकडी ही झिजणारीच वस्तू आहे. म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर शिकाऊ पायाने क्लच जाळणे शहाणपणाचे नाही. रोज गर्दीतून कामावर जायचे असेल, घरात दुसरे कोणी ती चालवणार असेल, तर ऑटोमॅटिक घ्यावी आणि त्याबद्दल मनात कमीपणा बाळगू नये. मिरा रोडहून दहिसरकडे निघालेल्या कोणालाही विचारले तरी तो हेच सांगेल.

पण हाताचा गिअर तुला आधीच येत असेल आणि रस्ते मोकळे असतील, तर तो घ्यावा, असे मी त्याला लिहिले. कारण वेग नव्हे. वेगात तो हरलाच आहे. कारण असे की, भाडेपट्ट्याच्या व्यवहारात मुदत संपल्यावर आपल्यापाशी काहीच उरत नाही, एका गोष्टीखेरीज. घोडा परत करायचा असतो, मांड परत करावी लागत नाही. वडिलांनी भाड्याच्या टॅक्सीवर आयुष्य काढले. परमिट त्यांचे नव्हते, गाडी त्यांची नव्हती. चढावर गाडी मागे न सरकवता उचलणारा तो डावा पाय मात्र सर्वस्वी त्यांचा होता. त्यांच्या मालकीची तेवढी एक गोष्ट होती आणि ती कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती.

त्याने काय घेतले, हे मी विचारलेले नाही. त्याला निवड होती, आणि ती त्याने केली असेल. मला काळजी वाटते ती ज्यांना निवड मिळत नाही त्यांची: उद्या सकाळी कोणत्या तरी आगारात, दुसऱ्याच्या मालकीच्या, अनोळखी, क्लच नसलेल्या बसच्या आसनावर पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाची. गाडी कोणती हे त्याने ठरवलेले नसेल. मांड पक्की व्हायला लागणारा वेळ तरी त्याला मिळायला हवा.