मुळशी खोऱ्यातील हाडपेर : अन्न, ऊन आणि श्रम यांचा इतिहास

मराठीत एखाद्याच्या अंगी मुळातच असलेला गुण सांगावयाचा असला म्हणजे ‘हाडाचा शेतकरी’, ‘हाडाचा शिक्षक’ असा प्रयोग केला जातो. जे हाडीमांसी खिळले ते बदलत नाही, ही या प्रयोगामागील कल्पना होय. हाड म्हणजे देहातील स्थिर व जन्मसिद्ध भाग, असे भाषेने गृहीत धरले आहे. मावळातील माणसाच्या काटक हाडपेराविषयी जे बोलले जाते त्यावरही याच कल्पनेची छाया पडलेली दिसते. तो काटकपणा रक्तातच आहे, असे मानले जाते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीला लागून असलेल्या मुळशी तालुक्याच्या जीवनक्रमाकडे पाहता मात्र ही समजूत अपुरी ठरते. हाडांच्या बळात वंशाचा वाटा असतो हे खरे; परंतु ते बळ जन्मभर मिळवावे आणि राखावेही लागते.

प्रथम शब्दांची साक्ष पाहणे उचित होईल. ‘हाड’ या शब्दाचे पूर्वरूप ‘हड्ड’ हे हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या ‘देशीनाममाले’त नोंदविले आहे. ‘अस्थि’ हा संस्कृत शब्दही मराठीत आहे. पण व्यवहारात त्याचा अर्थ आकुंचित झाला आहे. जिवंत देहात असतात ती हाडे. दहनानंतर गोळा करतात त्या अस्थी. वैद्यकीय परंपरेची दृष्टी याहून वेगळी होती. चरकाने हाडांची संख्या ३६० व सुश्रुताने ३०० सांगितली. दात, कूर्चा यांचाही त्या गणनेत समावेश असल्यामुळे ती आजच्या २०६ या संख्येशी जुळत नाही. परंतु अस्थी हा सात धातूंपैकी एक असून त्याचे पोषण आहाररसातून क्रमाने होते, हा आयुर्वेदाचा सिद्धान्त महत्त्वाचा आहे. हाड पोसावे लागते, हे तेथे स्पष्ट मानलेले आहे. मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकतात त्या विकाराला मराठीत ‘मुडदूस’ हे जुने नाव आहे. ज्या समाजाला असे नाव आवश्यक वाटले त्या समाजात सर्वांचीच हाडे बळकट होती, असे म्हणता येणार नाही.

मुळशीच्या अन्नव्यवस्थेचे दोन स्तर होते. खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे आणि डोंगरउतारावर नाचणी व वरी. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही पश्चिमेकडील डोंगराळ भागातील पिकांत या धान्यांची नोंद आहे. भात हे प्रतिष्ठेचे अन्न आणि नाचणी हे गरिबीचे, अशी जनरीत होती. परंतु हाडांच्या दृष्टीने हा क्रम उलटा लागतो. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच सडलेल्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या आसपास भरते. याचे एक कारण धान्याच्या रचनेत आहे. नाचणीचा दाणा बारीक, आणि त्याची साल आतील भागाला घट्ट चिकटलेली. त्यामुळे ती तांदळासारखी सडता येत नाही, सालीसकट दळावी लागते. आणि कॅल्शियमचा मोठा अंश त्या सालीतच असतो. पावसाळ्यात ओढ्यातील खेकडे आणि बाजारातून आणलेली सुकट यांचीही या आहारात भर पडे.

तथापि धान्यातील सर्वच कॅल्शियम देहाला लाभत नाही. नाचणीतील फायटेट नावाचे द्रव्य त्याचा काही भाग बांधून ठेवते. धान्य भिजवून मोड आणल्याने किंवा पीठ आंबविल्याने हे द्रव्य कमी होते. मोडाच्या नाचणीचे सत्त्व आणि आंबील हे घरगुती प्रकार या दृष्टीने विचारार्ह आहेत. ही रसायनक्रिया ते करणाऱ्या स्त्रियांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण तिचा लाभ घरातील मुलांना मिळत होता.

केवळ अन्नाने हाड बनत नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच, नाशिक येथे मिळाला. हचिसन आणि शहा यांनी तेथे मुडदुसाची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत हा विकार त्यांना आढळला नाही. उलट पडदा पाळणाऱ्या सुस्थित घरांतील स्त्रिया व अर्भके यांत तो विपुल होता. ज्यांचे अन्न अधिक चांगले, त्यांचीच हाडे मऊ, असा हा विपर्यास होता. त्याच सुमारास युरोपात त्याचा उलगडा होत होता. १९१९ मध्ये बर्लिन येथे हुल्डशिन्स्की याने अतिनील किरणांनी मुडदूस बरा करून दाखविला, आणि इंग्लंडमध्ये मेलान्बी याने आहारातील द्रव्याशी त्याचा संबंध जोडला. ‘ड’ जीवनसत्त्व हा या दोहोंना जोडणारा दुवा ठरला. ऊन त्वचेवर पडले म्हणजे ते देहात तयार होते आणि त्यावाचून अन्नातील कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. मुळशीतील शेतकऱ्याला पावसाळ्याचे चार अभ्राच्छादित महिने सोडले तर उन्हाची वाण नव्हती.

तिसरा घटक श्रमाचा. हाडावर जसा भार पडेल तशी त्याची अंतर्रचना घडते, हे जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ याने १८९२ मध्ये प्रतिपादिले. चढउतार चालणे, भारे वाहणे, चिखलात लावणी करणे या नित्यकर्मांत हा भार होता. अर्थात त्यामुळे जुन्या जीवनाचे गुणगान करणे योग्य नव्हे. अर्धपोटी श्रम आणि लागोपाठची बाळंतपणे हाडांना झिजवितात. तेही त्याच जीवनाचे अंग होते.

ही घडी विसाव्या शतकात विसकटू लागली. टाटांच्या जलविद्युत् योजनेसाठी येथे धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मुळशी सत्याग्रहास प्रारंभ झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे अग्रणी होते. सत्याग्रह अयशस्वी झाला आणि खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली गेली. जमीन गेली तेथे तळ आणि उतार यांवर उभी असलेली अन्नव्यवस्थाही मोडली. शतकाच्या अखेरीस याच तालुक्याच्या पूर्व भागात हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान वसाहत उभी राहू लागली. तेथील कामकरी वर्ग दिवसभर छताखाली आणि खुर्चीवर असतो. अन्नाची विपुलता असून उन्हाचा अभाव, ही १९२२ च्या नाशिकमधील सुस्थित घरांची अवस्था वेगळ्या कारणाने येथे पुन्हा दिसते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि नाचणीस प्रतिष्ठा लाभली. पण नाचणी हा तीन घटकांपैकी एकच होय.

हाड वरून निश्चल दिसले तरी आत त्याची मोडतोड व उभारणी अखंड चालू असते. प्रौढाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने घडतो. तिशीपर्यंत संचय होतो, पुढे तो हळूहळू उतरतो. स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर ही उतरण वेगाने होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचविलेले दैनंदिन कॅल्शियमचे प्रमाण १००० मिलिग्रॅम आहे. शंभर ग्रॅम नाचणीने त्याचा तिसरा हिस्सा भागतो. उरलेला दूध, तीळ, पालेभाज्या व मासळी यांतून यावा लागतो. बालपणी सत्त्व आणि ऊन, तारुण्यात भार पेलणारे श्रम, उतारवयात चालणे, पुरेसे अन्न आणि पडण्यापासून जपणूक, असा हा आयुष्यभराचा क्रम आहे. मावळ्याचे हाडपेर अशाच जीवनक्रमात घडले होते. तो क्रम सुटला म्हणजे मावळात जन्म झाला एवढ्यानेच ते टिकत नाही.