घर बांधताय? स्लॅब पडण्याआधी वाय-फायचं ठरवा

मालवण तालुक्यातल्या तोंडवलीला आम्ही घर बांधलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी. चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब. लाइट-पंख्याचे सगळे पॉइंट आधीच ठरवले, पण इंटरनेटचा विषय कुणी काढलाच नाही. "वाय-फायला वायर कशाला?" असं मीच म्हणालो होतो.

राउटर पडवीत लागला आणि मागच्या खोलीतून आजीची हाक आली, "आवाज येणा नाय रे!" आमच्या घरात मोबाइलची रेंज नाही, साधे कॉलसुद्धा वाय-फाय कॉलिंगवरच चालतात. म्हणजे आजीच्या खोलीत वाय-फाय नाही, तर रात्री-अपरात्री डॉक्टरला फोनही नाही. शेवटी रंग दिलेली भिंत फोडून पाइप घातला. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

सिग्नल अडतो कुठे?

बहुतेक राउटर दोन बँडवर चालतात. २.४ गीगाहर्ट्झ लांब पोचतो, पण वेग कमी. ५ गीगाहर्ट्झला वेग जास्त, पण भिंती आल्या की लवकर दमतो. चिऱ्याची भिंत जाड असते आणि चिरा सच्छिद्र असल्यामुळे पावसात पाणी धरतो. पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं, त्यामुळे ओली भिंत जास्त सिग्नल खाते. कौलांतून सिग्नल बऱ्यापैकी जातो. स्लॅबमध्ये मात्र लोखंडी सळ्यांची जाळी असते, म्हणून खालचा राउटर वरच्या मजल्याला पुरेल असं धरून चालू नका. लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसाही सिग्नल अडवतात.

भिंती उभ्या राहिल्या की चाचणी घ्या

राउटर जिथे ठेवायचाय तिथे एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा. दुसऱ्या फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घेऊन खोल्याखोल्यांत फिरा. आकडा उणे ६७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून चांगला (म्हणजे उणे ६०, उणे ५०) असेल तर व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ८० च्या खाली गेला की अडचण. वर स्लॅब नसताना सिग्नल थोडा जास्त दिसू शकतो, म्हणून काठावरच्या खोल्या नापासच समजा.

वायरमनला काय सांगायचं?

१. फायबरची वायर खांबावरून घराच्या मध्यापर्यंत येईल असा पाइप टाका. राउटर मध्यावर, उंचावर आणि मोकळा हवा, टीव्हीच्या मागे नको.

२. तिथून प्रत्येक नापास खोलीपर्यंत २५ मिमीचा पाइप न्या. कोपऱ्यात काटकोनी एल्बो नको, गोल वळणाचा बेंड लावा. आत नायलॉनची दोरी ओढून ठेवा, पुढे वायर बदलायला सोपं जातं.

३. विजेच्या वायरी आणि नेटची वायर एका पाइपात नको. शेजारून न्यायची असेल तर फूटभर अंतर ठेवा.

४. वायर पूर्ण तांब्याची कॅट-६ घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण ती टाळा. एका सलग वायरची मर्यादा १०० मीटर, घरात ती पुरून उरते.

५. त्या खोलीत वायरच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट किंवा मेशचं युनिट जोडा. बिनतारी मेश त्याच चिऱ्यातून सिग्नल ओढत बसतो, वायरवरचा मेश तसा अडकत नाही.

६. वाडीच्या टोकाला पर्यटकांसाठी वेगळी खोली असेल तर तिथपर्यंत तांब्याऐवजी फायबर न्या. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे वीज पडली तर त्या वाटेने धक्का राउटरपर्यंत येत नाही.

लाइट गेली तर?

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाणं नेहमीचंच. राउटर, फायबरचा डबा आणि अ‍ॅक्सेस पॉइंट या सगळ्यांचे सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. एकच राहून गेला तरी कॉल बंद. मे २०२१ च्या तौक्ते वादळात विजेचे खांबच पडले होते. तशा वेळी इन्व्हर्टरही किती पुरणार? पण रोजच्या तास-दोन तासांसाठी एवढी सोय भरपूर आहे.

शेवटचं काम फुकट आहे. स्लॅब आणि प्लास्टरच्या आधी प्रत्येक पाइपाशेजारी टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढे भिंतीत खिळा ठोकताना तेच फोटो उपयोगी पडतील.