मुख्य प्रशिक्षकाचे मूल्यमापन आणि न्याय्यतेचा प्रश्न : मुंबई रणजी संघाच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना

सांघिक खेळात विजयाचे श्रेय अनेकांत वाटले जाते. पराभवाची जबाबदारी मात्र बहुधा एकाच व्यक्तीवर येते. संघातील अकरा खेळाडू एकाच वेळी बदलता येत नाहीत, निवड समिती आणि संघटनेचे पदाधिकारी आपापल्या जागी राहतात. बदलतो तो प्रशिक्षक. अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये ही रीत टोकाला गेलेली दिसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर या प्रशिक्षकास मुदतीपूर्वी दूर केले, तेव्हा करारानुसार त्यांना सुमारे साडेसात कोटी डॉलर देण्याची वेळ विद्यापीठावर आली. भारतीय क्रिकेटमध्ये रकमा इतक्या मोठ्या नसल्या, तरी प्रश्न तोच आहे : एका हंगामाच्या निकालावरून प्रशिक्षकाची योग्यता ठरवणे न्याय्य आहे काय? प्रस्तुत लेखात मुंबई रणजी संघाच्या अलीकडील इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. वसई-विरार आणि पालघर परिसराने या संघाला खेळाडू दिले असल्यामुळे स्थानिक दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला. त्या काळी संघाची सूत्रे कर्णधार आणि ज्येष्ठ खेळाडू यांच्या हाती असत. पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक ही नंतरच्या काळातील व्यवस्था होय. पद नवे आले, पण त्याच्या मोजमापाची पद्धत जुन्या अपेक्षेतून ठरली. जेथे विजेतेपद हीच सर्वसाधारण स्थिती मानली जाते, तेथे उपविजेतेपदही अपयश ठरते.

राष्ट्रीय संघाच्या बाबतीत संदीप पाटील यांचे उदाहरण बोलके आहे. १९९६ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले आणि काही महिन्यांतच गेले. पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली केनियाने २००३ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली. तथापि, या यशाकडेही डोळसपणे पाहावे लागते. केनियाने श्रीलंकेला हरवले हे खरे. परंतु न्यूझीलंडने सुरक्षेच्या कारणास्तव नैरोबीतील सामना सोडला, त्याचे गुणही केनियाला मिळाले. अपयशाचा सगळा दोष प्रशिक्षकाचा नसतो, तसेच यशाचे सगळे श्रेयही त्याचे नसते.

चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द

चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २००२-०३ आणि २००३-०४ मध्ये रणजी करंडक जिंकला. ते पुन्हा प्रशिक्षक झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याजवळील गहुंजे येथे मुंबईने सौराष्ट्राचा एक डाव आणि २१ धावांनी पराभव करून ४१ वे विजेतेपद मिळवले. या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात पालघरच्या शार्दुल ठाकूरने पाच बळी घेतले.

पुढील हंगामात मुंबई पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली. राजकोट येथील उपांत्य सामन्यात विरारच्या सतरा वर्षांच्या पृथ्वी शॉला प्रथम श्रेणीत पदार्पणाची संधी मिळाली आणि त्याने दुसऱ्या डावात शतक केले. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या अंतिम सामन्यात मात्र गुजरातने ३१२ धावांचे लक्ष्य पार केले. रणजीच्या अंतिम सामन्यात इतक्या धावांचा यशस्वी पाठलाग तोपर्यंत कोणी केला नव्हता. पार्थिव पटेलच्या १४३ धावा निर्णायक ठरल्या. दोन हंगामांत एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद, शिवाय एका नवोदितावर दाखवलेला विश्वास अशी पंडित यांची जमेची बाजू होती. तरीही पुढील हंगामासाठी मुंबईने समीर दिघे यांची नेमणूक केली.

पंडित विदर्भाकडे गेले. विदर्भाने २०१७-१८ मध्ये प्रथमच रणजी करंडक जिंकला आणि २०१८-१९ मध्ये तो राखला. त्यानंतर मध्य प्रदेशाने जून २०२२ मध्ये बंगळुरू येथे आपले पहिले रणजी विजेतेपद मिळवले, तेही मुंबईलाच सहा गडी राखून हरवून. त्या सामन्यात मुंबईचा कर्णधार पृथ्वी शॉ होता, तर प्रतिस्पर्ध्यांचे प्रशिक्षक पंडित होते.

या घटनाक्रमावरून मुंबईचा निर्णय चुकला असे म्हणणे सोपे आहे. परंतु तोही निकालावरूनच केलेला न्याय ठरेल. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी विजय मिळवला होता. त्या पाच धावा उलट पडल्या असत्या तर पंडित यांची मेहनत कमी ठरली असती काय? शिवाय २०१९-२० मध्ये त्याच पंडित यांचा विदर्भ संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. प्रशिक्षक तोच होता, शिस्तही तीच होती. निकाल मात्र वेगळा लागला.

सततच्या बदलांचा अनुभव

२०१७ ते २०२१ या काळात समीर दिघे, विनायक सामंत, अमित पागनीस, रमेश पोवार आणि अमोल मुजुमदार असे पाच प्रशिक्षक मुंबईने पाहिले. सर्वच बदल संघटनेने लादलेले नव्हते. पोवार राष्ट्रीय महिला संघाकडे गेले. तरीही एवढ्या अल्प काळात कोणाच्या कामाचे फळ कोणाच्या नावावर जमा करावे, हे ठरवणे कठीण होते.

मुजुमदार यांच्या पहिल्या हंगामात मुंबई रणजी उपविजेती ठरली. नोव्हेंबर २०२२ मध्ये संघाने सय्यद मुश्ताक अली करंडक प्रथमच जिंकला. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्राविरुद्धच्या साखळी सामन्यात मात्र दोन्ही संघांच्या पहिल्या डावात ३८४ अशा समान धावा झाल्या, सामना अनिर्णित राहिला आणि मुंबई बाद फेरीस मुकली. २०२३-२४ मध्ये ओंकार साळवी यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने ४२ वे विजेतेपद मिळवले.

मुजुमदार ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२४ च्या टी-२० विश्वचषकात भारत साखळीतच बाद झाला. २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकात संघाने सलग तीन सामने गमावले. १९ ऑक्टोबरच्या पराभवानंतर मूल्यमापन झाले असते तर ते प्रतिकूलच ठरले असते. पुढे २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने विश्वचषक जिंकला. मोजमापाची तारीख दोन आठवड्यांनी बदलली की त्याच माणसाविषयीचा निवाडा बदलतो.

न्याय्य मूल्यमापनाचे निकष

एडलर, बेरी आणि डोहर्टी यांनी अमेरिकन विद्यापीठीय फुटबॉलचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. अत्यंत दुबळ्या संघांना प्रशिक्षक बदलून फारसा लाभ झाला नाही. मध्यम कामगिरीच्या संघांची स्थिती तर प्रशिक्षक कायम ठेवणाऱ्या तुल्य संघांपेक्षा खालावली, असे त्यांना आढळले. मुंबईच्या अनुभवाशी हे ताडून पाहता काही निकष पुढे येतात.

पहिला निकष वारशाचा. प्रशिक्षकाच्या हाती कोणते खेळाडू आले आणि त्यांतील कोण उपलब्ध होते, हे विचारात घेतले पाहिजे. चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटरवरील विरारहून पृथ्वी शॉ आणि त्याहून दूरच्या पालघरहून शार्दुल ठाकूर लोकलचा प्रवास करून मुंबईच्या मैदानांवर पोहोचले. त्यांना घडवण्यात पालक आणि शालेय प्रशिक्षक यांचा वाटा मोठा होता. करंडक मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर नोंदला जातो; ही पायाभरणी मात्र नोंदीबाहेर राहते.

दुसरा निकष कालावधीचा. संघबांधणीला एकाहून अधिक हंगाम लागतात. तिसरा निकष पूर्वसूचनेचा. विजेतेपदच हवे की तरुण खेळाडू घडवायचे, हे नेमणुकीच्या वेळी सांगितले पाहिजे. कठोर शिस्त खटकत असेल तर तेही निर्णयाचे वैध कारण असू शकते. पण ते उघडपणे मांडलेले असावे, पराभवाच्या आडोशाने पुढे आणलेले नसावे.

समारोप

निकालाला महत्त्व नाही, असा याचा अर्थ नाही. खेळ जिंकण्यासाठीच खेळला जातो आणि प्रशिक्षकाने उत्तरदायी असलेच पाहिजे. परंतु धावफलक हा पुरावा आहे, निवाडा नव्हे. वसई-विरारमधील शाळा-महाविद्यालयांचे क्रीडाशिक्षकही पुष्कळदा कपाटातील करंडकांवरूनच तोलले जातात. त्यांना कोणते मैदान मिळाले, किती वेळ मिळाला, कोणते विद्यार्थी मिळाले आणि त्यांतून त्यांनी काय उभे केले, हे विचारल्याखेरीज त्यांचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. जो संघ हे प्रश्न आधी विचारतो, त्याला चांगला प्रशिक्षक गमावून नंतर त्याच्याच विरुद्ध अंतिम सामना खेळण्याची वेळ क्वचितच येईल.