लहान आतड्यातील गाठींचा शोध : कॅप्सूल एंडोस्कोपी

पचनमार्गाच्या एकूण लांबीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग लहान आतड्याने व्यापलेला असतो. तरीही पचनमार्गातील कर्करोगांपैकी फार थोडे तेथे उद्भवतात. ही दुर्मिळताच निदानाला मारक ठरते. प्रारंभी पोटात अधूनमधून कळ येणे, थकवा आणि रक्तातील लोह घटणे एवढीच लक्षणे दिसतात. तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण लहान आतड्याच्या आरंभापर्यंत पोहोचते, तर गुदद्वारावाटे घातलेली त्याच्या अखेरच्या टोकाशी थांबते. दोन्ही तपासण्यांत काहीच न आढळलेला रुग्ण मग लोहाच्या गोळ्या घेत राहतो आणि मधल्या भागातील गाठ वाढत राहते.

हा मधला भाग कॅप्सूल एंडोस्कोपीमुळे दृष्टीच्या टप्प्यात आला. इस्रायलमधील संरक्षण क्षेत्रात काम केलेले अभियंते गाव्रिएल इद्दान यांची ही कल्पना. तिचे वृत्त २००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. सुमारे २६ मिलिमीटर लांब व ११ मिलिमीटर रुंद अशा या कॅप्सूलमध्ये कॅमेरा, दिवे, बॅटरी आणि प्रक्षेपक सामावलेले असतात. रुग्ण ती उपाशीपोटी पाण्याबरोबर गिळतो. आठ तासांत, सेकंदाला दोन या गतीने, ५० हजारांहून अधिक छायाचित्रे कमरेच्या पट्ट्यावरील नोंदयंत्रात जमा होतात.

ही छायाचित्रे वाचणे हेच खरे कौशल्याचे काम. गाठ कित्येकदा एकदोन चित्रांतच डोकावते. जीआयएसटीसारख्या गाठी आतड्याच्या भिंतीत वाढतात. त्यांच्यावरील आवरण निरोगी दिसते आणि आतड्याच्या आकुंचनाने आलेला क्षणिक उंचवटाही तसाच भासतो. शिवाय आरंभीच्या भागातून कॅप्सूल वेगाने पुढे सरकते. त्यामुळे ‘काही आढळले नाही’ हा अहवाल म्हणजे निर्वाळा नव्हे. संशय कायम असल्यास सीटी एंटरोग्राफी करावी लागते. भिंतीतील व भिंतीबाहेरची वाढ तिच्यात दिसते.

कॅप्सूलला तुकडा काढता येत नाही. गाठ कर्करोगाची आहे किंवा कसे, हे ठरविण्यासाठी जपानमधील हिरोनोरी यामामोटो यांनी विकसित केलेल्या दोन फुग्यांच्या दुर्बिणीसारखे साधन वापरून किंवा शस्त्रक्रियेद्वारे नमुना घ्यावा लागतो.

मुख्य धोका कॅप्सूल अडकण्याचा. दोन आठवड्यांत ती बाहेर न पडल्यास अडकली असे मानतात. भारतात आतड्याच्या क्षयरोगामुळेही मार्ग अरुंद होतो, म्हणून पूर्वेतिहास बारकाईने विचारणे आवश्यक. शंका असल्यास आधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देतात. कॅप्सूल बाहेर पडेपर्यंत एमआरआय टाळावा लागतो. गाठीमुळेच ती अडकली असेल, तर एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही काढता येतात.