पस्तीस फ्रेमांचा भाव

स्नूकर जन्मला तोच पैजेच्या टेबलावर. 1875 साली जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश अधिकारी मेसमधल्या बिलियर्ड्सच्या टेबलाभोवती वेळ काढत, आणि त्यांचे आवडते खेळ पैसे लावूनच खेळायचे होते. 'लाइफ पूल'मध्ये प्रत्येकाला आपला रंगीत बॉल आणि तीन जीव असत. जीव गेला की पैसे मोजायचे. 'पिरॅमिड्स'मध्ये पंधरा लाल बॉल, आणि जो बॉल पॉट करील त्याला ठरलेली रक्कम. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानं लाल बॉलमध्ये रंगीत बॉल मिसळले आणि नवा खेळ उभा राहिला. पुढे 1882 मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले.

वसई-विरारच्या स्नूकर पार्लरांत टेबल तासाच्या भाड्यानं मिळतं आणि ते भाडं हरणाऱ्यानं भरायचं, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या पैजेचा हा उरलेला अंश, आणि तो निरुपद्रवी आहे. खरा सट्टा वेगळा. तो बघणाऱ्यांचा.

बघणाऱ्याच्या सट्ट्याला रंग येतो तो लांब सामन्यात. 1946 साली जो डेव्हिस आणि होरेस लिंड्रम यांच्यातली जगज्जेतेपदाची लढत 145 फ्रेमांची होती. ती दोन आठवडे चालली आणि जो 78-67 असा जिंकला. आज शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरात अंतिम सामना 35 फ्रेमांचा असतो. दोन दिवस, चार सत्रं, आणि 18 फ्रेम आधी जिंकेल तो विजेता.

एवढी लांबी कशासाठी, हे थोड्या हिशेबानं कळतं. एखादा खेळाडू दर शंभर फ्रेमांत 55 जिंकेल इतपतच सरस आहे असं धरू. पाच फ्रेमांच्या सामन्यात त्याच्या विजयाची शक्यता 59 टक्के निघते, नऊ फ्रेमांत 62 आणि पस्तीस फ्रेमांत 72. फ्रेमा वाढतात तसं नशीब मागे पडतं आणि हात बोलू लागतो. म्हणून लांब सामन्यात बलवान खेळाडूचा भाव आधीच कमी लागतो. मुंबईचा आदित्य मेहता 2013 साली दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये स्टीफन मग्वायरला 4-3 असा हरवून अंतिम फेरीत गेला. रँकिंग स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. त्याचं कर्तृत्व मोठंच आहे. पण नवख्याला अशी वाट सात फ्रेमांत जितकी मोकळी असते, तितकी पस्तीस फ्रेमांत नसते.

तरी लांब सामनाही फसवतो. 1985 च्या जगज्जेतेपदाच्या अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिस 8-0 पुढे होता. डेनिस टेलर अख्ख्या सामन्यात एकदाही आघाडीवर गेला नाही. गेला तो थेट शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर, 18-17. वीस वर्षांनी शॉन मर्फी पात्रता फेरीतून आला आणि जगज्जेता झाला. स्पर्धेआधी त्याचा भाव एकास दीडशे होता.

मुंबईच्या सट्ट्याची घडण याहून अगदी निराळी. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेनं येत आणि त्यांवर 'आकडा' लागे. 1961 मध्ये ते भाव येणं थांबलं, मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका गिरणगावात घरोघर पोचला. मटक्यात एका आकड्याला रुपयाला नऊ रुपये. दहा आकड्यांतला एक लागणार, मिळणार नऊ. दर ठरलेला, आणि लावणाऱ्याच्या माहितीला तिथे शून्य किंमत. गिरणी कामगाराचा पगार ज्यात गेला, त्यात त्याच्या बुद्धीला वावच नव्हता. स्नूकरचा भाव मात्र प्रत्येक फ्रेमनंतर हलतो. तिथेही बुकी आपलं काढतोच: बरोबरीच्या दोघांपैकी एकावर साधारण 11 रुपये लावावेत, तेव्हा नफा 10 मिळतो.

आपल्याकडचा 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतो. पण ही सूट खेळाला आहे. त्यावर पैसे लावणाऱ्याला, परवानाधारक रेसकोर्सवरचे घोडे सोडले तर, ती मिळत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं तर पैशांच्या ऑनलाइन खेळांत कौशल्य आणि नशीब हा भेदच ठेवला नाही. हे कठोर वाटेल, पण मोबाइलवर रात्रभर फ्रेमागणिक पैसे लावणारी पोरं पाहिली की तो कठोरपणा समजतो.

शिवाय लांबीचं एक दुखणं आहे. पस्तीस फ्रेमांचा निकाल विकणं अवघड, पण एखादा नेमका स्कोअर विकणं सोपं. 1995 च्या विश्वविजेतेपदात पहिल्या फेरीत जिमी व्हाइट विरुद्ध पीटर फ्रान्सिस्को या सामन्यात नेमक्या 10-2 या स्कोअरवर पैशांचा अचानक लोंढा आला. बुकींनाच संशय आला. निकालही 10-2 लागला. चौकशीत व्हाइट निर्दोष ठरला, फ्रान्सिस्कोवर पाच वर्षांची बंदी आली. 2023 मध्ये दहा चिनी खेळाडूंवर कारवाई झाली. त्यातल्या लिआंग वेनबो आणि ली हांग या दोघांना खेळाची दारं कायमची बंद झाली.