रावणाचं तोंड कागदाचं

आधी भावनांवरचं एखादं चित्रपुस्तक वाचायचं, मग कागदाचं काहीतरी करायचं. रागावलेल्या अस्वलाची गोष्ट संपली की कागदी बशीला डोळ्यांची भोकं पाडायची, लाल रंग फासायचा आणि मुलानं तो 'राग' तोंडावर धरून खोलीभर गुरगुरत फिरायचं. शहरातल्या शनिवारच्या कार्यशाळांत आणि तुमच्या-माझ्या फोनवरच्या रील्समध्ये हा प्रकार आता चांगलाच रुळलाय. तो बाहेरून आला हे खरं. पण त्यातला एकेक धागा आपल्याकडे कुठून आला हे शोधत गेलो तर वाट शेवटी मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या पठाराकडे वळते.

कागदापासून सुरुवात करू. 1837 मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला फ्रीड्रिश फ्रोबेलनं लहान मुलांसाठी संस्था काढली. तिलाच पुढे त्यानं 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. कागदाच्या घड्या घालणं, कातरणं, कागदाच्या पट्ट्या विणणं हे तिथलं रोजचं काम. मात्र त्यामागचा विचार आकारांचा होता. आपल्याकडेही कागद पोचला तो गणिताचा हात धरून. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी किंडरगार्टनच्या याच घड्यांवरून सुचलेलं भूमितीचं पुस्तक 1893 मध्ये छापलं. कंपास न वापरता, नुसती घडी घालून भूमिती. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हे कुणी दाखवलं असतं तर ड्रॉइंगचा तास बरा गेला असता. रडू, भीती, रुसवा यांचा मात्र त्या कागदाशी काही संबंध नव्हता.

गोष्टीचा धागा वेगळ्या वाटेनं आला. मारिया माँटेसरी लहान मुलांना परीकथा आणि कल्पितकथा देण्याबाबत साशंक होत्या; मुलाला आधी खरं जग कळू दे, असं त्यांचं म्हणणं. भावनगरला माँटेसरींची पद्धत राबवणाऱ्या गिजुभाई बधेकांनी नेमकी हीच गोष्ट मानली नाही. त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक दंगेखोर वर्ग ताब्यात आणतो तो गोष्टी सांगून. ताराबाई मोडक याच भावनगरच्या प्रयोगात घडल्या. 1945 साली त्या डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे दशकभरानं दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावर न्यायची, म्हणून अंगणवाडी. मुलं गुरांमागे जातात तर शाळाही गुरांमागे, म्हणून कुरणशाळा. साहित्यही तसंच: महागडी माँटेसरी साधनं परवडणार नाहीत आणि शोभणारही नाहीत, म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं. मला या दोघींचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. परदेशी पद्धत त्यांनी भक्तिभावानं उचलली नाही की फेकूनही दिली नाही. ती इथल्या हाताला लागणाऱ्या वस्तूंतून पुन्हा बांधली.

तिसरा धागा पुस्तकांचा, आणि तो मराठीत उशिरा आला. मुलांच्या गोष्टीला शेपटासारखं तात्पर्य लावायची आपली सवय जुनी. मुलाला कंटाळा येतो, राग येतो, आणि ते येण्यात काही वाईट नाही, एवढंच सांगणारं चित्रपुस्तक मिळायला माधुरी पुरंदरेंची 'राधाचं घर', यशच्या गोष्टी यावी लागली. 2014 साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पुस्तकं सुंदरच आहेत. पण राधाला घर आहे, आणि आई-बाबा, आजी-आजोबा त्या घरात आहेत.

सूर्यमाळच्या आसपासच्या पाड्यांवरची अनेक कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलं एकतर सोबत जातात, नाहीतर आश्रमशाळेत राहतात. घरची आठवण येणं ही भावना तिथे एखाद्या पानाची नसते, अख्ख्या सत्राची असते. यावर हमखास एक प्रश्न येतो: 1992 मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली, त्या मुलखात भावनांची पुस्तकं आणि कागदकाम कशाला? आधी भाकरी. प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीत दडलंय: गरीब मुलाला पोट असतं, मन नंतर येतं. कोसबाडच्या बायांनी आंघोळ, नखं आणि गाणी एकाच सकाळी केली होती.

आणि मुखवटा तर या मुलखाला कुणी शिकवायची गरजच नाही. होळीच्या आसपास आणि पुढे उन्हाळ्यात जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. भट्टीवर गेलेली माणसंही होळीला घरी यायचा प्रयत्न करतात. रात्रभर सांबळ वाजत राहतो आणि टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग नाचत येतं: गणपती, सरस्वती, मग रावण, नरसिंह, हिडिंबा, वेताळ. मुखवटे कधी लाकडाचे, पण बरेचसे कागदाच्या लगद्याचे. रद्दी भिजवायची, कुटायची, खळ घालून साच्यावर थर चढवायचे, वाळवायचे, रंगवायचे. जव्हारजवळचं रामखिंड या कामासाठी ओळखलं जातं. पावसाळ्यात हे काम अर्थातच नाही. जुलैतल्या मोखाड्यात वहीचं पानसुद्धा सादळतं.

म्हणजे गोष्ट आहे, भीती आहे आणि कागदही आहे. शनिवारच्या कार्यशाळेत जे तीनशे रुपये भरून जोडतात, ते इथे गाव वर्गणी काढून करतं. फरक एवढाच, की बशीचा मुखवटा मूल स्वतः करतं आणि बोहाड्यात ते बघणारं असतं. म्हणून माझं मत सरळ आहे. सूर्यमाळच्या वर्गात भीतीवरचं पुस्तक न्यायचं असेल तर सोबत बशा नेऊ नयेत. जुनी वर्तमानपत्रं आणि खळ पुरे, आणि मुखवटे करणारा एखादा म्हातारा अर्धा दिवस मिळाला तर बाईंनी बाजूला बसावं. पुस्तकातलं अस्वल मग वेताळाशेजारी ठेवता येईल. मुलं आपल्या बोलीत ठरवतील कोण जास्त भयंकर.

बोहाड्यात पुढे बसलेली लहान पोरं रावण आला की किंचाळत आईच्या पदराआड पळतात. सोंग फिरून गेलं की थोड्या वेळानं तोच रावण मांडवाच्या कडेला तोंड उतरवून बसतो, घामानं निथळत, पाणी मागत. तो शेजारच्या घरातला काका असतो. मग तीच पोरं हळूच जवळ येतात आणि बाजूला पालथ्या पडलेल्या कागदी रावणाच्या आत बोट घालून बघतात.