औषधखरेदी, सार्वजनिक रुग्णालयांतील

शासन किंवा स्थानिक स्वराज्य संस्था यांनी चालविलेल्या रुग्णालयांसाठी औषधे, शस्त्रक्रिया-साहित्य व उपकरणे सार्वजनिक निधीतून विकत घेण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. गरजेचा अंदाज, निविदा, दरकरार, पुरवठादाराची निवड, मालाची तपासणी, साठवण, वाटप आणि देयकाची अदायगी हे या पद्धतीचे प्रमुख टप्पे होत. वरवर पाहता हा हिशेबाचा विषय वाटतो. परंतु रुग्णाच्या हाती पडणारे औषध शुद्ध आहे की नाही आणि ते वेळेवर मिळते की नाही, हे बव्हंशी याच नियमांवर ठरते. या दृष्टीने खरेदीची पद्धती हा उपचाराचाच एक भाग मानावा लागतो. महाराष्ट्रातील या पद्धतीचा इतिहास ही गोष्ट स्पष्ट करतो.

पूर्वपीठिका : मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय 1845 मध्ये सुरू झाले. त्या काळी बहुतेक औषधे इंग्लंडहून येत व लष्करी आणि मुलकी रुग्णालयांना ती सरकारी वैद्यकीय भांडारांतून पुरविली जात. विसाव्या शतकात देशी औषधनिर्मिती वाढली, तशी बाजारातील औषधांच्या गुणवत्तेची चिंताही वाढली. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने (1930–31) नियंत्रणाची शिफारस केली आणि 1940 मध्ये औषधविषयक अधिनियम संमत झाला. त्यामुळे औषधांची निर्मिती व विक्री यांवर परवान्याचे बंधन आले. मात्र रुग्णालयाने औषध कोणाकडून व कसे घ्यावे, हा प्रश्न सरकारी भांडारखरेदीच्या सर्वसाधारण नियमांकडेच राहिला. लेखनसामग्री व लाकडी सामान यांना लागू पडणारे न्यूनतम दराचे तत्त्व औषधांनाही लागू झाले. मुंबईतील मध्यवर्ती भांडार खरेदी संघटना उद्योग संचालनालयाच्या अखत्यारीत दरकरार करी आणि त्यानुसार रुग्णालये मागणी नोंदवीत.

ग्लिसरीन प्रकरण : या पद्धतीतील उणीव 1986 च्या आरंभी उघडी पडली. ग्लिसरॉल पोटात दिले असता ते ऊतींतील पाणी रक्तात ओढून घेते. त्यामुळे मेंदूची सूज व डोळ्यांतील दाब कमी होतो. जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात या नित्याच्या उपचारानंतर जानेवारी-फेब्रुवारी 1986 मध्ये अनेक रुग्णांची मूत्रपिंडे अकस्मात निकामी झाली व 14 जण मृत्युमुखी पडले. पुरविलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य आढळले. तेही ग्लिसरीनप्रमाणेच रंगहीन, दाट व गोडसर असते. त्यामुळे दोहोंतील भेद डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाही. तो केवळ प्रयोगशाळेतील परीक्षेनेच समजतो. याच द्रव्यामुळे अमेरिकेत 1937 मध्ये शंभराहून अधिक माणसे दगावली होती व त्यानंतर तेथे 1938 चा औषधकायदा झाला होता. धोका अज्ञात नव्हता. तपासणी झालेली नव्हती.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला. आयोगाने 1987 मध्ये अहवाल दिला. दोष केवळ पुरवठादारावर न ठेवता रुग्णालयाचे व्यवस्थापन, औषध प्रशासन, आरोग्य खाते व मंत्री या सर्वांवर त्याने कठोर ताशेरे ओढले. तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना 1988 मध्ये पद सोडावे लागले. या अहवालाचे महत्त्व असे, की विषबाधेमागे एखाद्या व्यक्तीची चूक नसून खरेदीच्या साखळीतील प्रत्येक दुव्याने पुढच्यावर टाकलेला भरवसा होता, हे त्यातून दिसून आले. वैद्याने भांडारावर, भांडाराने परवान्यावर व परवाना देणाऱ्याने कागदांवर विसंबावे, अशी ती रचना होती.

खरेदीची आधुनिक तत्त्वे : हाथी समितीने 1975 मध्ये व जागतिक आरोग्य संघटनेने 1977 मध्ये अत्यावश्यक औषधांची यादी पुढे ठेवली. मर्यादित यादीतील औषधे मूळ नावाने, मोठ्या प्रमाणावर घेतल्यास किंमत उतरते व तपासणीही आटोक्यात राहते, हा त्यामागील विचार होय. तमिळनाडूने 1994 मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून तो प्रत्यक्षात आणला. तेथे प्रत्येक घाणीचा नमुना तपासून मगच माल रुग्णालयांकडे जातो. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आहेत आणि प्रत्येक रुग्णालयास दिलेल्या पासबुकातील तरतुदीनुसार औषधे उचलता येतात. निविदा दोन लिफाफ्यांत मागवितात. पहिल्या लिफाफ्यातील तांत्रिक पात्रता सिद्ध झाल्यावरच दराचा दुसरा लिफाफा उघडला जातो. म्हणजे स्वस्त कोण हा प्रश्न योग्य कोण या प्रश्नानंतर येतो.

महाराष्ट्रातील केंद्रीकरण : राज्यात 1 डिसेंबर 2016 रोजी शासकीय खरेदीची सुधारित नियमपुस्तिका निघाली. 2017 मध्ये शासकीय रुग्णालयांची औषधखरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविण्यात आली. परळच्या हाफकिन संस्थेपासून 1975 मध्ये वेगळे काढलेले हे महामंडळ मुळात लसनिर्मितीसाठी होते. खरेदीतील विलंबाच्या तक्रारी वाढल्यानंतर राज्याने 2023 मध्ये अधिनियम करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापिले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरच्या आरंभी नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 48 तासांत 31 रुग्ण मरण पावले. औषधटंचाईचा आरोप शासनाने नाकारला; तथापि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि नव्या प्राधिकरणास पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नसल्याचा प्रश्नही सुनावणीत पुढे आला.

खरेदीची यंत्रणा सर्वत्र एकच नसते. उदा., सिडकोने वसविलेल्या नवीन पनवेल परिसरातील खांदा कॉलनी ही वसाहत 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येते. महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रांची जबाबदारी पालिकेवर, तर पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयाची राज्याच्या आरोग्य विभागावर असते. रुग्ण मात्र एकच असतो; एका ठिकाणी न मिळालेले औषध त्याला दुसरीकडे किंवा स्वतःच्या पैशाने बाजारात शोधावे लागते.

मूल्यमापन : सार्वजनिक औषधखरेदीवर किंमत, गुणवत्ता व समयसूचकता अशा तीन कसोट्या एकाच वेळी लागू होतात. केवळ किंमत पाहिल्यास काय घडते, हे 1986 ने दाखविले. गैरव्यवहार टाळण्यासाठी मंजुरीचे टप्पे वाढवीत गेल्यास औषध येण्यापूर्वी रुग्णाची वेळ टळते. पुरवठादाराचे देयक थकल्यास चांगले उत्पादक निविदेपासून दूर राहतात व पुन्हा गुणवत्तेचाच प्रश्न उभा राहतो. गॅम्बियात 2022 मध्ये व मध्य प्रदेशात 2025 मध्ये दूषित खोकल्याच्या औषधाने बालकांचे बळी गेले, तेव्हा मुंबईतील तेच द्रव्य पुन्हा समोर आले. प्रत्येक घाणीची स्वतंत्र तपासणी आणि तिच्या निष्कर्षाची जबाबदारी घेणारा नामनिर्देशित अधिकारी, या दोन गोष्टी नसतील तर कोणतीही नियमावली रुग्णाचे रक्षण करू शकत नाही, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.